कुठे दुखतंय, ते आधी सांग

सबनीस सरांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी तीन सबनीस उभे केले, आणि त्या तिघांपैकी एकालाही मी ओळखत नव्हतो.

सर वारले ते हॅमिल्टनला, मुलीच्या घरी. पण त्यांची माणसे सगळी इथली, वेलिंग्टनची, म्हणून सभा जॉन्सनव्हिलच्या सभागृहात भरली. पहिल्या वक्त्याने सांगितले, की सरांनी इथली डझनावारी मुले अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळायला पाठवली. हे खोटे आहे. दोन पाठवली. दोन हा आकडा लहान वाटतो म्हणून तो फुगवण्याचे कारण नाही. सरांनी स्वतः कधी फुगवला नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, सर फार कडक, त्यांना पाहून मुले थरथरत. तेही खोटे. सहा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नाही. मुले थरथरत असतील तर ती वेलिंग्टनच्या दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याने. तिसरे उभे राहिले ते करमरकर, आमच्या मंडळाचे न हटणारे अध्यक्ष. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माणूस मोठाच. इराच्या वेळी त्यांच्याकडून जरा घाई झाली, हे मान्य करायला हवं. पण हेतू वाईट नव्हता."

सभेने समजूतदारपणे माना डोलावल्या. इरा ही माझी नात. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

नोकरीत असताना भर बैठकीत वरिष्ठांच्या नकाशातली चूक दाखवणारा माणूस मी. सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या बैठकीत, डॉक्टरच्या खोलीत, कुठेही चुकीचे विधान मी सोडलेले नाही. त्या दुपारी मात्र मी हातातला चहा थंड होईपर्यंत कपाकडे पाहत बसलो. करमरकरांचे विधान आजही तसेच उभे आहे. म्हणून हे लिहितो.

वामन सबनीस पुण्यातल्या एका शाळेत पीटीचे सर होते. पत्नी गेल्यावर ते शुभदाकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, इथे आले. ती हॉस्पिटलात नर्स. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घराजवळचे मैदान शोधून काढले आणि तिथे घडीची खुर्ची टाकून बसू लागले. डोक्याला लोकरीची माकडटोपी, पायांत मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला. मोज्याचा अंगठा जँडलच्या पट्ट्यात बसावा म्हणून त्यांनी मोजे स्वतः शिवून घेतले होते. गळ्यात चावीचे स्टॉपवॉच. वारा खुर्ची उडवून नेई, म्हणून ती पायजम्याच्या नाडीने कुंपणाला बांधलेली असे. इथली गोरी मुले येता-जाता "किआ ओरा, कोच!" असा माओरी नमस्कार करत. हे "किआ ओरा, बाळ" असे उत्तर देत, आणि ते बाळ सहा फूट उंच असे.

आमची ओळख भांडणाने झाली. इरा तेव्हा नुकतीच हायस्कूलला गेली होती आणि आठशे मीटर धावू लागली होती. मी कुंपणाशी उभा राहून ओरडत होतो, "पाय उचल, इरा! पाय उचल!"

खुर्चीतून आवाज आला, "आपण कोण?"

"मी तिचा आजोबा."

"धावतंय कोण? आपण की ती?"

"ती."

"मग दम तिच्याकडे राहू द्या. आपण ओरडलात की ती मान वळवते. दर वेळी अर्धं पाऊल जातं."

मी म्हणालो, "मला खेळातलं शिकवू नका. मी कॉलेजात कबड्डी खेळलोय."

"हो का? मग ओरडायची सवय असणारच."

मी तीन दिवस मैदानाकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी गेलो, कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी न ओरडता ती अधिक वेगाने धावली होती, हे मी रस्त्याच्या पलीकडून पाहिले होते. त्या दिवशी बोलता बोलता वये निघाली. मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "बसा, काणेसाहेब." तेव्हापासून मी आलो की ते खुर्ची सोडत. मी कितीही नको म्हटले तरी सोडत. ही गोष्ट मला फार आवडे. ती इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता त्यांच्या शनिवारांविषयी. अमेरिकेत खेळाच्या जोरावर कॉलेजात प्रवेश मिळतो, शिकण्याचा खर्चही कॉलेज उचलते, हे इथल्या पालकांना कळले, तशी मंडळी सरांकडे येऊ लागली. शनिवारी सकाळी शुभदाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती मुले बसत. आई-बाप गॅरेजमध्ये. तिथे सरांनी परसात लावलेल्या मटाराच्या शेंगांची टोपली असे, आणि ती सोलून होईपर्यंत कुणी आत यायचे नाही, असा नियम होता. इंजिनियर, डॉक्टर, बँकेतले मोठे अधिकारी उलट्या बादल्यांवर बसून मटार सोलत. कुणी तक्रार केली तर सर म्हणत, "आपल्या लोकांचा हात रिकामा राहिला, की तो पोराच्या वहीत जातो."

हा नियम का झाला, ते करमरकर सांगणार नाहीत, मी सांगतो. त्यांचा मुलगा टेनिस बरा खेळे. त्यांनी अमेरिकेतल्या कोचला पाठवायचे पत्र मुलाच्या नावाने स्वतः लिहून आणले. दोन पाने. सरांनी ते मुलाच्या हातात दिले आणि दुसऱ्या ओळीतल्या एका लांबलचक इंग्रजी शब्दावर बोट ठेवले.

"हा वाच."

मुलगा अडखळला. "आय डोन्ट नो, सर. डॅड रोट इट."

"मग डॅडना पाठवू या का टेनिस खेळायला?"

मुलगा इतका हसला, की खुर्चीवरून घसरला. करमरकर हसले नाहीत. पुढच्या शनिवारपासून गॅरेजमध्ये टोपली आली. शोकसभेतल्या त्या "घाई" शब्दामागे इतक्या वर्षांपूर्वीच्या मटाराच्या शेंगा आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरांचे सल्ले कुणी लिहून ठेवले नाहीत. मला आठवतात ते असे. पत्र स्वतः लिही, लहान लिही, चुका झाल्या तरी तुझ्या असू देत. मार्क आधी, कारण पाय कधी दगा देतील सांगता येत नाही. ज्या कॉलेजात पाय मोडल्यावरही चार वर्षं राहावंसं वाटेल, तेच कॉलेज पसंत कर. कोच गोड बोलतो का हे पाहू नकोस; त्याच्या बाकावर बसून राहणाऱ्या मुलींना फोन कर, त्या खरं सांगतील. वेळेच्या बाबतीत ते तर हट्टी होते. एखादा बाप म्हणे, "सर, वारा फार होता, दोन सेकंद कमी लिहू या." सर म्हणत, "वाऱ्यात धावली, तर वाऱ्यातली वेळ लिहा."

त्यांनी पाठवलेल्या दोघांपैकी एक रेवा, हॉकीची गोलकीपर. तिने अडवलेल्या गोलांचा झकास व्हिडिओ घरच्यांनी तयार केला होता. सरांनी तो पाहिला आणि विचारले, "खाल्लेले गोल कुठायत?" रेवाची आई गॅरेजमधून मटाराच्या टोपलीसकट आत आली. "सर, ते कशाला दाखवायचे?" सर म्हणाले, "गोल खाल्ल्यावर ही काय करते, ते कोचला बघायचं असतं." रेवा काय करी, तर चेंडू उचलून मैत्रिणीकडे फेकी आणि कपाळावर हात मारून हसे. ते पाठवले गेले. शिवाय तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले होते. तेही सरांनी पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहायला लावले. तिकडून उत्तर आले: गुडघा बरा होऊ दे, आम्ही एक वर्ष थांबतो. सर मला म्हणाले, "काणेसाहेब, ते लोक दुखण्याला घाबरत नाहीत. लपवण्याला घाबरतात."

हे वाक्य त्यांनी मला म्हटले होते. दुसऱ्या कुणाला नाही.

आणि त्यांची सगळ्यांत पक्की रीत ही, की सरावाआधी प्रत्येक मूल एकटे त्यांच्यासमोर यायचे आणि सर हळू आवाजात विचारायचे, "कुठे दुखतंय, ते आधी सांग." पालक कुंपणाबाहेर. "काही नाही" हे उत्तर चालत नसे. ते म्हणत, "या वयात रोज काही ना काही दुखतंच. शोध आणि सांग." मराठी न बोलणारी मुलेही तो प्रश्न ओळखत. कुणी टाच सांगे, कुणी दात. एका मुलीने एकदा "मॅथ्स" सांगितले, तर सरांनी तिला धावू न देता शेजारी बसवून गणिते सोडवून घेतली.

इरा शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली, तेव्हा अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचने तिच्या पत्राला उत्तर दिले. व्हिडिओ कॉल सकाळी सात वाजता ठरला. सर आमच्या घरी आले. मटाराचे दिवस नव्हते, म्हणून येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले आणि माझा मुलगा नितीन, सून मुग्धा आणि मी अशा तिघांना मेथी निवडायला बसवले. इरा खोलीत एकटी. अर्ध्या तासाने बाहेर आली ती लाल होऊन. "ही वॉज हीप्स नाइस, आजोबा!" कोचला ती पसंत होती. महिनाअखेरीपर्यंत रबरी ट्रॅकवरची एक ताजी वेळ पाठव, म्हणजे जागा पक्की करतो, असे तो म्हणाला होता. मुग्धाने मेथीच्या हातांनी तिला मिठी मारली. सर म्हणाले, "देठं राहिलीयत अजून."

त्यानंतर आठवड्याभराने इरा जिन्यावरून उतरताना एक पाय जपून टाकते आहे, हे माझ्या लक्षात आले. घरात आम्ही दोघेच होतो. मी विचारले. ती डाव्या नडगीवर बोट ठेवून म्हणाली, "इट हर्ट्स, आजोबा. लाइक, राइट हिअर. सरांना सांगू?"

हे दोनच मराठी शब्द ती धडपणे बोलली, आणि त्यांना मी नाही म्हणालो.

का म्हणालो, ते आमच्या घरांत वाढलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. स्थळ असो, नोकरी असो, व्हिसा असो, दिवस गेलेले असोत. ठरेपर्यंत कुठे बोलायचे नाही. बोलले की मोडते. या नियमाचा उगम मी कधी तपासला नाही. मी, ज्याने सगळ्यांचे सगळे तपासले. मी तिला म्हणालो, "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. ठरेपर्यंत तोंडातून काढू नकोस. आई-बाबांनाही नाही." मुग्धा फार्मसिस्ट आहे, तिच्या कानावर गेले असते, तर तिने त्याच दिवशी एक्स-रे काढून घेतला असता. मी काय केले? दोन आठवडे रोज संध्याकाळी इराच्या नडगीला तिळाचे तेल चोळले, आणि परीक्षेचे निमित्त सांगून तिला सरांच्या सरावाला जाऊ दिले नाही.

वेळ घ्यायचा दिवस उजाडला. शहरातल्या रबरी ट्रॅकवर दक्षिणेचा वारा हाडांत शिरत होता. नितीन आणि मुग्धा कामावर. इराला घेऊन मीच आलो होतो. नियमाप्रमाणे मी कुंपणाबाहेर थांबायला हवे होते, थांबलोही होतो. पण सरांनी मला कुडकुडताना पाहिले. "काणेसाहेब, आत या, वारा वाईट आहे," म्हणून त्यांनी मला आत बोलावले, स्वतःची खुर्ची दिली आणि ते उभे राहिले. त्यामुळे इरा समोर आली तेव्हा खुर्चीत मी होतो.

"कुठे दुखतंय, ते आधी सांग," सर म्हणाले.

तिने सरांकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "काही नाही हो, सर. ठणठणीत आहे. लावा घड्याळ."

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. "काही नाही" हे उत्तर त्यांनी कुठल्याही मुलाकडून घेतले नव्हते, आणि मुलासाठी मोठ्या माणसाने दिलेले उत्तर तर मुळीच नाही. दुसरा कुणी असता तर त्यांनी त्याला मेथी निवडायला पाठवले असते. पण मी चार वर्षांनी मोठा, आणि त्यांच्याच खुर्चीत बसलेला. "काणेसाहेब म्हणतायत म्हणजे..." इतकेच म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिले, मान हलवली आणि घड्याळाला चावी दिली.

पहिली फेरी सुंदर झाली. दुसऱ्या फेरीत, पलीकडच्या सरळ पट्ट्यावर, कुणी मागून हाक मारावी तशी ती थांबली आणि ट्रॅकवर खाली बसली. सर धावले. जँडल्स वाटेतच निघून पडल्या, मोज्यांनी धावले. मी खुर्चीतून उठू शकलो नाही. मला कुणी धरून ठेवले नव्हते. नुसते उठता आले नाही. हॉस्पिटलकडे जाताना गाडीत पाहिले, तर सरांच्या मुठीत स्टॉपवॉच अजून चालूच होते.

डॉक्टर म्हणाल्या, हाडाला पडलेली बारीक चीर आजची नाही, काही आठवड्यांची आहे. आज ती वाढली. नितीन कामावरून तसाच आला होता. तो सरांकडे वळला. "सर, तुम्ही तर रोज विचारता. आज विचारलं नाहीत?"

सरांनी माझ्याकडे पाहिले असते, तर मी बोललो असतो, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. त्यांनी पाहिले नाही. ते म्हणाले, "विचारलं होतं. उत्तर नीट ऐकलं नाही. चूक माझी."

त्यांच्या या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. मी कागदी कप घेऊन शेजारी उभा होतो.

इथून पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे चुकीचे ठाऊक आहे. कॉलेजने सौजन्याने कळवले, की जागा दुसऱ्या मुलीला दिली. आधी कळले असते तर थांबता आले असते. "सबनीसांनी मोडक्या पायाने पोरीला धाववलं" ही बातमी आठवड्यात याच देशातल्या, पार उत्तरेकडच्या अल्बनीपर्यंत पोचली. शनिवारी शुभदाच्या स्वयंपाकघरात कुणी येईनासे झाले. त्या वर्षी परसातला मटार वेलींवरच पिवळा पडला. सर मात्र मैदानावर येत, खुर्ची नाडीने बांधत आणि रिकाम्या गवताकडे पाहत बसत. आमच्या मंडळींची मुले आता दुसऱ्या बाजूच्या फाटकाने आत जात. गोरी मुले पहिल्यासारखीच "किआ ओरा, कोच" म्हणत. मी फिरायला जाण्याचा रस्ता बदलला.

इराने घरात काही सांगितले नाही. एकदाच, प्लास्टर निघाले त्या दिवशी, गाडीत मागच्या सीटवरून म्हणाली, "यू कॅन टेल देम, आजोबा. आय वोन्ट." मी आरशात तिच्याकडे पाहिले, ती खिडकीबाहेर पाहत होती. आता ती अल्बनीला शिकते. धावत नाही. फोनवर विचारले, तर म्हणते, "ऑल गुड."

हे छापून आल्यावर नितीन मला काय म्हणेल, मुग्धा काही म्हणेल की नाही, हे मला ठाऊक नाही. करमरकरांना मात्र त्यांचे विधान मागे घ्यावे लागेल. हे लिहिताना मला त्याचे जितके समाधान वाटायला हवे होते, तितके वाटत नाही. ज्यांच्यासमोर ते मागे घ्यायला हवे होते, ते आता नाहीत.

शुभदाला हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात जागा मिळाली, आणि ती दोघे निघाली. निघायच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. एक वाक्य ठरवून गेलो होतो. वाटेत ते तीनदा म्हणून पाहिले. त्यांचे घर चढावर आहे. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. शुभदा घराला कुलूप लावत होती. सर गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, टोपी घालून. मागच्या काचेतून घडीच्या खुर्चीचे पाय दिसत होते आणि त्यांना नाडी गुंडाळलेली होती.

मला पाहून त्यांनी काच खाली केली. उठायची धडपडही केली, पण पट्टा लावलेला होता.

"थांबत थांबत आलात, काणेसाहेब," ते म्हणाले. मग हळू आवाजात विचारले, "कुठे दुखतंय?"

आजूबाजूला कुणी नव्हते. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होते.

"काही नाही हो, सर," मी म्हणालो. "ठणठणीत आहे."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. ट्रॅकवर हलवली होती तशीच मान हलवली, आणि काच वर केली.